अल्हाट मोटार वर्क्स, स्टेशन रस्ता

सावेडी, अहिल्यानगर
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आलंच तर तू फोन क्रिस्टीनाच्या हातात देऊन बायकोला बोलायला लावतोस, म्हणून लिहिते आहे. साखर कारखान्याच्या आवाजात तू कान घालवलेस. डोळे शाबूत आहेत. तेव्हा हे पत्र स्वतः वाचायचं आणि उत्तर स्वतः लिहायचं.

महापालिकेनं आपल्या स्टेशन रस्त्यावरच्या इमारतीला नोटीस लावली आहे. धोकादायक बांधकाम, महिन्याच्या आत रिकामं करा. कागद थेट शोरूमच्या काचेवर डकवला आहे. वैजनाथ नावाचे एक तरुण इंजिनिअर पाहणीला आले होते. त्यांनी शेडच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "मॅडम, भिंती पोकळ आहेत."

मी म्हटलं, "पोकळच आहेत. त्या तशाच बांधल्या आहेत."

त्यांनी माझं पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं.

आता मुद्द्याचं. शलमोनदादाला तू वर्षभरात पाहिलेलं नाहीस. माझा सख्खा भाऊ मला कधी 'आई' म्हणतो, कधी 'शाळेच्या बाई' म्हणतो. जेवला की नाही हे त्याला आठवत नाही. पण सकाळी उठून तो खाकी शर्ट घालतो, शेडचे मोठे दरवाजे स्वतः उघडतो आणि कामाच्या टेबलाजवळ स्टुलावर बसतो, हात गुडघ्यांवर ठेवून. गाडी येण्याची वाट पाहतो. दुपारी त्याला सांभाळायला ठेवलेली चांगुणा वाढते ते जेवतो, पुन्हा जाऊन बसतो. संध्याकाळी दरवाजे लावतो आणि झोपतो. चांगुणा दिवसरात्र त्याच्याजवळ असते, मी रोज जाऊन येते. नाताळात मी त्याला माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. त्याला दरवाजा सापडेना. न्हाणीघराची भिंत बडवत राहिला, चांगुणानं हात धरला तर तिला मारलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "यांची जागा बदलू नका. आठवण गेली आहे, पण पायांना ती जागा अजून माहीत आहे."

म्हणजे इमारत गेली तर शलमोन गेला. तुझा गैरसमज होऊ नये म्हणून एका वाक्यात लिहिलं.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. अर्धी जागा काकांची, म्हणजे आता तुझी. गहिनीनाथ नावाचा बांधकामवाला तिच्याभोवती घिरट्या घालतो आहे. शलमोन आहे तोवर विकणार नाही, असं मला लेखी दे. दुसरं, मी या इमारतीचा इतिहास लिहून महापालिकेला देणार आहे. मोटारी आल्या त्या काळातला असा कारखाना आणि असं शोरूम जिल्ह्यात दुसरं उभं असेल असं मला वाटत नाही. काकांच्या तोंडून तू जे ऐकलंस ते लिहून पाठव. ऐकलं तेवढंच. पदरचं घालू नकोस.

तुझी,
दयाआक्का


बेलापूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

सलाम. पत्र स्वतः वाचलं. क्रिस्टीना खांद्यावरून वाचत होती, ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

बाबा सांगायचे ते लिहितो. मुंबईहून रेल्वेनं नुसती चेसिस यायची. म्हणजे इंजिन, चार चाकं आणि स्टिअरिंग. बसायला काही नाही. ड्रायव्हर रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बसून ती स्टेशनवरून आपल्या शेडपर्यंत आणायचा आणि निम्मं नगर मागं चालायचं. पुढं योनाआजोबा टोपी घालून, जसं काही वरात त्यांचीच. शोरूमच्या काचेमागं एक मोटार कायम उभी असायची. ती कुणीच घेतली नाही. बाजाराला आलेली माणसं पायताणं बाहेर काढून आत जायची, बघायची आणि परत यायची. आजोबा म्हणायचे, गाडी विकली तर लोक बघायला कशाला येतील?

आणि एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली, तिची बॉडी आपल्या शेडमधली, असं शलमोनदादा छाती ठोकून सांगायचा. ते नक्की लिही. महापालिका घाबरेल.

आणखी एक आठवण आहे, ती माझ्या गालाला जास्त आहे. दुरुस्तीला आलेल्या एका बसचा पत्रा मी गंमत म्हणून सोडवला होता. एकच, बाजूचा. बाबांनी अशी ठेवून दिली की तिथंच बसलो. मग त्यांनी सगळी कामं बाजूला ठेवून त्या बसचा पत्रान् पत्रा उतरवला. म्हणाले, एक उघडून तोच झाकला तर बाकीच्यांच्या आड काय कुजलंय ते कुणाला कळणार? उघडली की पुरी उघडायची, हा आजोबांचा नियम. दादा तेव्हा नवा नवा मिस्त्री झालेला. माझ्यामुळं त्याचा नाताळचा आठवडा त्या बसमध्ये गेला. नंतर कितीतरी दिवस मला 'पत्रेवाले' म्हणायचा.

लेखी देण्याचं म्हणशील तर जरा दम धर. मी कुठं विकायला निघालोय? गहिनीनाथ येऊन गेला, पेढे घेऊन. "आजोबा, आपल्याला घाई न्हाई," म्हणाला. पेढे खाल्ले, डॉक्टरनं नको म्हटलं असताना. सही केली नाही.

एक सुचवतो, रागावू नकोस. भिंती खरंच कमजोर असतील तर दादाला इकडं आण. आमचं घर पक्कं आहे, आरसीसी, जिना चढायला नको. क्रिस्टीनापण हो म्हणते.

तुझा,
नॅथन


सावेडी, अहिल्यानगर
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. तुझा मधुमेह आणि गहिनीनाथचे पेढे यांच्यात निवड करायची वेळ आली तर तू काय करशील हे मला कळलं. लेखी मागितलं आहे, दम मागितलेला नाही.

शलमोनला बेलापूरला आणण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते मी लिहिलं होतं.

एस.टी.च्या पहिल्या गाडीची गोष्ट मी वगळली आहे. मला तिचा कसलाही पुरावा मिळाला नाही. घरात सांगतात म्हणून ते खरं होत नाही. काकांची थप्पडही इतिहासात बसत नाही. चेसिस आणि शोरूम घेतलं आहे.

जे लिहिलं ते थोडक्यात सांगते. योनाआजोबा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले. आधी टांगे बांधले. १९२९ साली ही जागा घेऊन पुढं शोरूम आणि मागं कारखाना काढला. इथं बांधलेल्या गाड्या कर्जत, पाथर्डी, श्रीगोंदा या रस्त्यांवर धावल्या. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा गाड्या कोळशाच्या गॅसवर चालाव्यात म्हणून त्यांच्या मागं भट्ट्या बसवण्याचं काम इथं झालं. पुढं मोटारविक्री बंद पडली, बॉड्या मात्र शलमोन पन्नाशीला येईपर्यंत बांधल्या जात होत्या. नंतर सगळं लोखंडी झालं आणि लाकडावर हात बसलेल्या माणसांची गरज राहिली नाही.

खरी गोष्ट पुढंच आहे. आजोबांना विटांचं काम येत नव्हतं, आणि येत नाही ते दुसऱ्याकडून करून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दगडी जोतं तेवढं गवंड्याकडून घेतलं आणि त्यावर इमारत बसची बॉडी बांधतात तशी बांधली. सागाचा सांगाडा उभा केला, बाहेरून पत्रा, आतून फळ्या. कुठंही खिळा नाही, सगळे पेच. पत्र्यावर चुन्याच्या रंगाचा हात आणि वर दगडाच्या रेघा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दगडी इमारत वाटते आणि टकटक केली की पोकळ वाजते. बसवर टकटक केली तर ती काय भरीव वाजेल?

हे मी वैजनाथ यांना तोंडी सांगितलं. ते हसले नाहीत, एवढं चांगलं केलं. म्हणाले, "मॅडम, मला दिसेल ते मी लिहू शकतो."

तेव्हा त्यांना दाखवायचं ठरवलं आहे. येत्या गुरुवारी त्यांच्यासमोर शेडच्या मागच्या बाजूचा एक पत्रा उतरवणार. एकच. सांगाडा पाहू दे आणि मग काय लिहायचं ते लिहू दे.

लेखी पाठव.

दयाआक्का


सावेडी, अहिल्यानगर
१२ मार्च २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. नोटीस मागं घेतली.

पत्रा उतरवल्यावर आतला साग असा निघाला की वैजनाथ खाली बसून जवळून पाहू लागले. त्यांनी खिशातली किल्ली लाकडात रुतवून पाहिली, रुतली नाही. सांध्यांचे फोटो काढले. म्हणाले, "मॅडम, कॉलेजात आम्हाला असं काही शिकवलं नाही." मी म्हटलं, "आता शिकलात." सुतारानं पत्रा परत बसवला. अहवालात इमारत मजबूत असल्याचं लिहिलं आहे आणि माझा इतिहास त्याला जोडला आहे.

गहिनीनाथही येऊन उभा होता. मला नमस्कार करून म्हणाला, "मॅडम, लई चांगलं झालं बघा." त्याच्या चेहऱ्यावरून त्याला काय वाटलं ते कळत नाही. धंद्याला चांगला चेहरा आहे.

शलमोनदादा तिथंच होता. पत्रा निघाल्यावर तो पुढं झाला आणि सांगाड्यावर हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. त्या दिवसापासून तो कामाला लागला आहे. स्टुलावर बसून राहत नाही. भूक लागते, जेवण मागून घेतो. चांगुणा म्हणते की दादा गुणगुणतात.

बाकी विशेष नाही. लेखी अजून आलेलं नाही.

दयाआक्का


बेलापूर
१९ मार्च २०२५

प्रिय आक्का,

सलाम आणि प्रभूचे उपकार! पत्र क्रिस्टीनाला मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा गुणगुणतो हे ऐकून ती रडली. ती लग्न होऊन आली तेव्हा शेडमध्ये दादाच्या गुणगुणण्यावरून कळायचं काम कुठवर आलंय ते.

सोबत तू मागितलेला कागद आहे. दादा आहे तोवर मी माझा हिस्सा विकणार नाही. सही माझी, साक्षीदार क्रिस्टीना. आता तरी पेढ्यांचं नाव काढू नकोस.

आणि आणखी एक पाठवतोय. बाबांची हत्यारांची पेटी माझ्याकडं माळ्यावर पडून होती. पेचकस, पाने, पटाश्या, सगळं. काढली, रॉकेलनं पुसली, गंज घालवला, तेल दिलं. दादा कामाला लागलाय म्हटल्यावर ती इथं कशाला? एस.टी. पार्सलनं येईल. पेटी त्याच्या हातात देताना सांग, 'पत्रेवाल्यानं' पाठवली. आठवलं तर हसेल.

तुझा,
नॅथन


बेलापूर
७ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

सलाम. पेटी पोचली का? कागद मिळाला का? तुझं उत्तर आलं नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं. माझ्या हातून काही चुकलं असेल तर शिव्या घाल, पण लिही. क्रिस्टीनानं फोन केला तर चांगुणा म्हणाली, "बाई बोलतील," आणि ठेवून दिला.

नॅथन


सावेडी, अहिल्यानगर
२० एप्रिल २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. पेटी पोचली. कागदही पोचला.

शलमोन कामाला लागला आहे असं मी लिहिलं, तेव्हा कोणत्या कामाला ते लिहिलं नाही. आता लिहिते.

त्या गुरुवारी सुतारानं पत्रा परत बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शलमोन स्वयंपाकघरातली सुरी घेऊन त्याच भिंतीपाशी होता. पेचाच्या खाचेत सुरीचं टोक घालून फिरवत होता. दिवसभरात दोन-तीन पेच निघाले. मी संध्याकाळी सुताराला बोलावून ते बसवून घेतले. वाटलं, निरुपद्रवी आहे. म्हातारी माणसं जपमाळ ओढतात, हा पेच काढतो. तो जेवत होता, शांत झोपत होता, मला तेवढं पुरेसं होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू लगेच बेलापूर, बेलापूर केलं असतंस.

मग पेटी आली. त्याला तुझं नाव सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. पेटी उघडली आणि एकेक हत्यार काढून कामाच्या टेबलावर मांडलं. काकांच्या वेळी जशी मांडलेली असायची तशीच. एकाही बाबतीत हात अडखळला नाही. मी पाहत होते, आणि मला आनंद झाला हे कबूल करते.

तेव्हापासून त्यानं शेडची एक अख्खी बाजू उघडली आहे. धसमुसळेपणा नाही. पत्रा उतरवतो, भिंतीला टेकवून ओळीनं लावतो, पेच डब्यात टाकतो. मागची बाजू संपली, आता रस्त्याकडच्या बाजूला आला आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात. एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "बाई, जुनं पाडताय की नवं बांधताय?"

पेचकस लपवून पाहिला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि ओरडू लागला. शब्द नाहीत, नुसता आवाज. अन्नाला शिवला नाही. नखांनी पेच काढायला गेला आणि बोटं रक्तानं भरली. चांगुणा रडत म्हणाली, "बाई, द्या त्यांचं त्यांना. धरलं तर मारत्यात, सोडलं तर घर उतरवत्यात. म्या कुनीकडं बघू?" मी पेचकस दिला.

सुतार संध्याकाळी झाकायचा, शलमोन सकाळी त्याहून जास्त उघडायचा. गेल्या आठवड्यात सुतारानंही हात टेकले. "बाई, भोकं सैल झाली. आता पेच धरत न्हाई," म्हणाला.

मला काकांची थप्पड आठवली. जी मी इतिहासातून वगळली होती ती. मी एक पत्रा उघडला, नॅथन. त्या शेडमध्ये वाढलेल्या माणसासमोर मी एकच पत्रा उघडून तो झाकला. बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर त्याला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं.

मी शलमोनपुढं उभी राहून शाळेत बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "दादा, पुरे. आता झाकायचं."

म्हणाला, "आधी सगळी उघडू दे."

"आणि सगळी उघडल्यावर?"

हातातला पेचकस त्यानं या हातातून त्या हातात घेतला. सगळी उघडल्यावर सांधे आवळायचे, कुजलेलं बदलायचं, मग झाकायचं, हे त्यानंच इतक्या पोरांना शिकवलं. त्याला फक्त उघडायचं आठवतं. पुढचं त्याच्याकडे राहिलेलं नाही.

परवा वळवाचं वारं सुटलं. पत्र्यांनी सांगाडा आवळून धरला होता, ते गेल्यावर तो डोलू लागला. वरचा एक पत्रा सुटून रस्त्यात पडला. कुणाला लागलं नाही. वैजनाथ आले. या वेळी त्यांनी टकटक केली नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी आता काय लिहू?" म्हणाले.

मी म्हटलं, "दिसतं ते लिहा."

त्यांनी लिहिलं. ताबडतोब रिकामं करायचं आहे.

पेटीबद्दल मी तुला दोष देत नाही. मी खरं लिहिलं असतं तर तू ती पाठवली नसतीस. याच्यापुढं हा विषय नको.

दया


बेलापूर
२६ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

सलाम. तू म्हणतेस म्हणून तो विषय काढत नाही. माळ्याकडं मात्र बघवत नाही.

दादाला इकडं आण. आता तरी बेलापूर, बेलापूर करू दे. पुढची खोली रिकामी केली आहे. क्रिस्टीनानं पलंग खिडकीशी लावला, मग म्हणाली त्याला भिंतीची सवय आहे, म्हणून परत भिंतीशी लावला. चांगुणा येत असेल तर तिचीही सोय आहे.

गहिनीनाथ पुन्हा आला होता. मी तुला कागद लिहून दिलाय हे त्याला ठाऊक आहे, तरी जागेचा विषय काढला नाही. दादाच्या तब्येतीची चौकशी केली आणि गेला. तो वाईट वागला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. पेढे परत पाठवले.

आक्का, तू कधी मला नुसतं 'दया' अशी सही करून लिहिलं नव्हतंस.

नॅथन


सावेडी, अहिल्यानगर
१६ मे २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. शलमोनला तुझ्याकडे सोडून आल्यापासून तुला सविस्तर लिहिणार होते. निघताना काय झालं ते तू पाहिलं नाहीस.

तो उठेना. चांगुणा आणि मी दोन्ही बाजूंनी उभ्या होतो आणि तो स्टुलाला धरून बसला होता. भाड्याची गाडी बाहेर हॉर्न देत होती. शेवटी मी म्हटलं, "दादा, बेलापूरला चेसिस आली आहे. बॉडी बांधायची आहे. तुलाच बोलावलं आहे." तो ताबडतोब उठला. पेटी काखेत घेतली. शेडचे दरवाजे ओढून घेतले, कडी लावली. दोन्ही बाजूंना भिंत नव्हती, नुसता सांगाडा होता, पण दरवाजाला कडी त्यानं नीट लावली.

मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर काढलेलं आहे. असो.

दोघांच्या सह्यांची, जागा विकण्याची कागदपत्रं गहिनीनाथचा माणूस तुझ्याकडे घेऊन येईल. सही कर. मी केली आहे. तू दिलेला कागद मी फाडला, त्याचा आता कुणालाच उपयोग नाही.

महापालिका सह्यांसाठी थांबायला तयार नव्हती, म्हणून मंगळवारीच गहिनीनाथच्या माणसांनी उतरवायला सुरुवात केली. जेसीबी आणला होता. त्यानं सांगाड्याला ढकललं तर सगळी इमारत एकदम थोडी कलली आणि परत सरळ झाली. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी माणसं लावून सांधा सांधा सोडवावा लागला. गहिनीनाथ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, असं बांधलेलं आपण तर कधी पाहिलं न्हाई. मला उतरवायलाच वाईट वाटतंय." त्याला खरंच वाईट वाटत होतं. उतरवणं चालू होतं.

मी संध्याकाळपर्यंत उभी होते. मग रिक्षा करून घरी आले.

शलमोन कसा आहे ते कळव. खरं लिही. मी लिहिलं नाही तसं करू नकोस.

दया


बेलापूर
२९ मे २०२५

प्रिय आक्का,

सलाम. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

पहिले काही दिवस ठीक गेले. सकाळी उठून 'चेसिस कुठाय?' विचारायचा. मी शेजारच्या माणसाचा टेम्पो अंगणात उभा केला. दादानं सगळीकडून फिरून बघितलं, पत्र्यावर हात ठेवला. म्हणाला, "ही झाकून आलीय. हिला माझी काय गरज?" आणि घरात गेला.

आता भिंतीशी असतो. सकाळपासून खोलीच्या भिंतीवर हात फिरवतो, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. बोटांनी सांधा शोधतो. आमचं घर आरसीसी, वर गुळगुळीत प्लास्टर, त्यात काय सापडणार? परत पहिल्या कोपऱ्याला येतो. पेटी उघडी असते, पण त्यातलं काही उचलत नाही. काल मला जवळ बोलावून म्हणाला, "मिस्त्री, ही कुनी बांधली? हिला उघडायलाच ठेवलं न्हाई. आत काय झालंय ते कळायचं कसं?"

मी म्हटलं, "दादा, आत काही झालं नाही."

तर म्हणाला, "तू बघितलंस?"

जेवण कमी झालंय. चांगुणा भरवते तेव्हा दोन घास घेतो. ओरडत नाही. आक्का, ओरडत असता तर बरं होतं. क्रिस्टीना म्हणाली, भिंतीवर एक पत्रा ठोकू या, त्याला काढायला. मी ठोकला, पेच लावून. त्यानं बघितला, काढला आणि मागची भिंत बघून माझ्या तोंडाकडं बघत राहिला, जसं काही मी त्याची थट्टा केली. पुन्हा ठोकायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरला आणलं. तो म्हणाला, वय झालंय.

काय करू ते कळव. तू सांगशील ते करतो. लहानपणापासून केलंय.

तुझा,
नॅथन


सावेडी, अहिल्यानगर
३ जून २०२५

प्रिय नॅथन,

सलाम. झोपेची गोळी जेवणानंतर द्यायची, आधी नाही. भात मऊ, ताकात कालवून. चहात साखर घाल, आता त्याला काही होत नाही. दाढी दिवसाआड, आणि न्हाव्याला घरी बोलव, बाहेर नेऊ नकोस. भिंतीपासून त्याला ओढायचं नाही. थट्टा केल्यासारखं वाटेल असं काही पुन्हा करायचं नाही. क्रिस्टीनानं ते चांगल्या मनानं सुचवलं, तिला तसं सांग.

तू विचारलंस, काय करू. हे पत्र मी पुन्हा पुन्हा लिहायला घेतलं आणि प्रत्येक वेळी इथवर येऊन थांबले. मला कुणी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं माझ्या हातून झालेलं नाही. शाळेत नाही, घरात नाही, महापालिकेत नाही. तुला काय सांगू ते मला माहीत नाही, नॅथन.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं येते आहे. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. किती दिवस राहणार आणि येऊन काय करणार, ते विचारू नकोस. त्याच्या खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची ठेव, भिंतीकडे तोंड करून.

दया